हरवलेला कर्ता : पेण-रोह्याच्या खारेपाटातून शासनव्यवहाराकडे

शासनयंत्रणेची सुधारणा हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा लोकप्रशासनाचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, आणि पडलाच तर परिभाषेच्या शुद्धाशुद्धतेपुरते बोलावे, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. हा संकेत प्रस्तुत लेखात मोडावयाचा आहे. शासनसंस्थेचे पुष्कळसे दोष आधी तिच्या वाक्यांत दिसतात आणि मग तिच्या कामांत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ह्या मताची कसोटी पाहण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे हे दोन तालुके निवडले आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात ह्या परिसरात तीन मोठी सार्वजनिक कामे शासनाच्या हाती आली : खाऱ्या जमिनीचे बांध, लोहमार्ग आणि महामार्ग. भूमी तीच, पाऊस तोच, शासनही बहुतांशी तेच. परंतु तिन्ही कामांची गती सारखी झाली नाही. ती का झाली नाही, हा आपला प्रश्न आहे.

प्रारंभी एक लहानसा प्रसंग सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी बोलीच्या अभ्यासासाठी पेणच्या खारेपाटात हिंडत असता एका वृद्ध आगरी शेतकऱ्याने एक सरकारी पत्र वाचून दाखविण्याची विनंती केली. गावाच्या बांधाला खांड पडली होती, तीविषयीच्या अर्जाला आलेले ते उत्तर होते. प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात आला असून मंजुरी प्राप्त होताच पुढील कार्यवाही करण्यात येईल, अशा आशयाचा तो मजकूर होता. वाचन संपल्यावर वृद्धाने क्षणभर विचार केला आणि विचारले, “पन येनार कोन?” जवळची तरुण मंडळी हसली. ‘करण्यात येईल’ ह्या प्रयोगातील ‘येईल’ एवढेच त्याने धरले, असे त्यांना वाटले. तथापि व्याकरणदृष्ट्या त्या पत्रावर ह्याहून अचूक टीका संभवत नाही. त्या वाक्यात क्रिया होती, कर्म होते, भविष्यकाळ होता. कर्ता मात्र नव्हता.

शासकीय मराठीवर आजवर टीका झाली नाही असे नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबरच १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. त्यातील संस्कृतप्रचुर पदनामांवर मोठे वादळ उठले. आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली, ती आजही सांगितली जाते. ह्या वादाची मुळे दूरवर जातात. ज्या रायगडावर १६७४ मध्ये शिवराज्याभिषेक झाला तो ह्याच जिल्ह्यात आहे, आणि फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्या राज्याचाच उपक्रम होय. राज्यव्यवहाराची भाषा म्हणजे राज्यव्यवहाराचे शब्द, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसली आहे. १९६२ च्या वादातील दोन्ही पक्ष ह्याच समजुतीवर उभे होते. एका पक्षास संस्कृत शब्द हवे होते, दुसऱ्यास रुळलेले. परंतु ‘जिल्हाधिकारी’ म्हणावे की ‘कलेक्टर’, ह्याने शेतकऱ्याचे फारसे अडत नाही. तो दोन्ही शब्द वापरतो. वाद शब्दांचा झाला, दोष वाक्याचा होता. अत्र्यांचा विनोद पदनामांवर पडला आणि त्या पदनामांना वाक्यातून अलगद बाजूला सारणारी रचना मात्र टीकेतून निसटली.

ह्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहू. मराठीतील प्रयोगविचार हा दादोबा पांडुरंग (१८३६) यांच्यापासून मोरो केशव दामले (१९११) यांच्यापर्यंत आणि पुढेही व्याकरणकारांचा आवडता वादविषय राहिला आहे. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की मराठीचा अस्सल कर्मणी प्रयोग कर्त्याला हाकलून देत नाही. ‘अभियंत्याने बांध पाहिला’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते हे खरे, परंतु कर्ता तृतीयेचा प्रत्यय घेऊन वाक्याच्या दारातच उभा असतो. तो गाळला तर वाचक त्यास मागच्या-पुढच्या संदर्भात शोधतो. ‘बांधाची पाहणी करण्यात आली’ ह्या वाक्यात ही शोधाशोध होत नाही. येथे कर्त्याची जागाच रिकामी ठेवलेली नाही; ती बुजविलेली आहे. ‘अमुकाकडून’ असे जोडता येते, पण जोडले नाही तरी वाक्य पूर्ण वाटते. इंग्रजी अमलातील कार्यालयीन लेखनाच्या भाषांतरातून ही रचना आपल्याकडे बळावली, असे मानण्यास जागा आहे. त्यापूर्वीच्या मराठी पत्रव्यवहारात आज्ञा ‘करणे’ ह्या रूपाने येते, आणि ती कोणास तरी उद्देशून येते. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी रयतेच्या दाण्यागोट्याबद्दल जे प्रसिद्ध पत्र धाडले, त्यात कोणी काय करावयाचे आणि न केल्यास बोल कोणावर, ह्याविषयी संदेह उरत नाही. त्या पत्रात फार्सी शब्द विपुल आहेत. परंतु कर्ता कोठेही हरवलेला नाही.

आता खारेपाटाकडे वळू. धरमतरच्या खाडीलगतचा पेणचा पश्चिम भाग आणि कुंडलिकेच्या मुखाकडील रोह्याचा भाग ही समुद्राकडून मिळविलेली भूमी आहे. बाहेरचा बांध भरतीला अडवितो. त्यातील उघाडी ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. ह्या बांधाच्या आश्रयाने भात पिकते. ही व्यवस्था किती नाजूक आहे हे उधाणाच्या दिवशी कळते. खेकड्यांनी पोखरलेले एखादे बीळ वेळेवर बुजविले नाही, तर त्याची खांड होते आणि एका रात्रीत शेकडो एकरांवर खारे पाणी पसरते. मग पुढील काही पावसाळे मीठ धुऊन निघण्याची वाट पाहावी लागते. म्हणजे येथे दुरुस्तीचे मोल तिच्या आकारावर नसून तिच्या वेळेवर असते. दोन टोपल्या चिखल आज टाकला तर पुरतो; आठवड्याने दोनशे गाड्या माती टाकली तरी पुरत नाही.

ह्या वेळेचे भान जुन्या व्यवस्थेच्या शब्दसंग्रहातच होते. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध राखावयाचा आणि त्याबद्दल कुळांकडून भाताचा ठरावीक वाटा घ्यावयाचा, असा तिचा गाभा होता. त्याच्या जोडीला ‘जोळ’ ही गावकऱ्यांची सामूहिक श्रमाची रीत होती. बांधावर हाक आली की घरटी माणूस निघे. ह्या व्यवस्थेस रामराज्य समजण्याचे कारण नाही. शिलोत्रीदार आणि खोत यांनी कुळांचे काय केले हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप आठवावा. १९३३ ते १९३९ अशी जवळजवळ सात वर्षे शेतकऱ्यांनी जमीन कसली नाही. आपला मुद्दा एवढाच की त्या अन्याय्य व्यवस्थेतही ‘बांध कोण राखतो?’ ह्या प्रश्नास एका शब्दाचे उत्तर होते. ‘शिलोत्रीदार’ ही जशी हक्काची संज्ञा होती, तशीच ती कर्त्याचीही संज्ञा होती.

१९४८ मध्ये मुंबई राज्यात खारजमिनींविषयीचा कायदा झाला आणि त्यासाठी मंडळ स्थापन झाले. कुळकायदाही त्याच वर्षीचा. कसणारा मालक झाला, ही न्यायाची गोष्ट घडली. परंतु जुन्या मालकाचा हक्क संपला तसे त्याचे कर्तव्यही संपले, आणि ते कर्तव्य कोणत्या एका माणसाकडे गेले हे गावास कळले नाही. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला आणि शासनाची जबाबदारी अधिक विस्तृत झाली. खारभूमी विकासाचे कार्यालय तर पेणमध्येच आहे. ह्या कायद्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. काही बांध इतके मोठे आहेत की गावाच्या फावड्यांनी ते उभे राहणे शक्य नव्हते. परंतु ह्या संक्रमणात एक व्याकरणिक घटना घडली, तिची नोंद कोणी घेतली नाही. ‘आम्ही बांध घालतो’ हे वाक्य गावाच्या तोंडून गेले आणि ‘बांधाची दुरुस्ती करण्यात येईल’ हे वाक्य त्याच्या जागी आले. पहिल्या वाक्यात ‘आम्ही’ होते. दुसऱ्यात त्या जागी कोणीच नाही.

ह्याचा परिणाम काय झाला? खांड पडते, गाव अर्ज करतो, अंदाजपत्रक तयार होते, ते वर जाते, खाली येते, दर बदलले म्हणून पुन्हा वर जाते. ह्या प्रवासात प्रत्येक अधिकारी आपापले काम करीत असतो आणि कोणावरही खोटेपणाचा आरोप करता येत नाही. परंतु दरम्यान समुद्र थांबत नाही. खारे पाणी वर्षानुवर्षे आत-बाहेर करू लागले की शेतात कांदळ रुजते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांनुसार कांदळवनाची तोड निषिद्ध आहे, आणि किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने ती बंदी योग्यच आहे. पण त्यामुळे खारेपाटात अशी स्थिती उद्भवते की एका खात्याच्या दिरंगाईने शेताचे वन होते आणि दुसऱ्या खात्याच्या तत्परतेने त्या वनात शेतकऱ्यास कोयता नेता येत नाही. सातबारावर भातशेती आहे आणि डोळ्यांसमोर कांदळ आहे. विलंब म्हणजे काम उशिरा होणे, अशी आपली सामान्य समजूत असते. येथे विलंबाने कामाचा विषयच नाहीसा होतो. दुरुस्त करावयाचे ते शेतच उरत नाही.

शासनसंस्था अकार्यक्षमच असते, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढू नये. तो काढणाऱ्यास रोहे स्थानकावर उभे केले पाहिजे. तेथून दक्षिणेस कोकण रेल्वे सुरू होते आणि सुमारे ७४० किलोमीटर धावून मंगळूरजवळ ठोकूरला थांबते. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गाचे लोकार्पण झाले. सह्याद्रीचे कडे, नव्वदांहून अधिक बोगदे, मऊ मातीत कोसळणारी खोदाई, गोव्यातील मार्गाविषयीचा तीव्र वाद, ह्या सर्वांतून हे काम आठ वर्षांच्या आत पूर्ण झाले. ही खासगी कंपनी नव्हती. तिच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के होते. म्हणजे पाच शासने एकत्र आली असताही काम झाले. त्याची कारणे अनेक आहेत. रोख्यांच्या रूपाने पैसा उभारण्याची मुभा हे त्यांतील एक मोठे कारण. परंतु सर्वांत महत्त्वाचे कारण हे की निर्णय कोण घेणार ह्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. ई. श्रीधरन हे महामंडळाचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. यश आले तर त्यांचे आणि चुकले तर बोल त्यांच्यावर, हे सर्वांना ठाऊक होते. वाक्याला कर्ता होता.

ह्या लोहमार्गाच्या बऱ्याचशा अंतरात सोबत करणारा मुंबई-गोवा महामार्ग पेण, नागोठणे, कोलाड असा ह्याच भूमीतून जातो. त्याच्या पळस्पे ते इंदापूर ह्या अवघ्या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. दहा वर्षांनंतरही ते पूर्ण झाले नव्हते, आणि उच्च न्यायालयापुढे एकामागून एक नव्या मुदती सांगण्याची वेळ शासनावर आली. भूसंपादन, वनखात्याची परवानगी, ठेकेदाराची आर्थिक दुर्बलता, अशी कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. पण लोहमार्गालाही भूसंपादन चुकले नव्हते. भेद असा की महामार्गाच्या कथेत केंद्राचे प्राधिकरण, राज्याचे बांधकाम खाते, ठेकेदार आणि वन विभाग हे सर्व कर्म म्हणून येतात. प्रत्येकावर काही तरी ओढवते. कर्ता म्हणून कोणी येत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. कोकण रेल्वेचे उदाहरण बांधणीचे आहे, राखणीचे नव्हे. बांधणीला अखेरचा दिवस असतो, त्या दिवशी फीत कापतात आणि कर्त्याचे छायाचित्र निघते. राखणीला अखेरचा दिवस नसतो. ती रोजची, अदृश्य आणि यशस्वी झाली तर कोणाच्याही ध्यानी न येणारी क्रिया आहे. कोकण रेल्वेलाही २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये महाडच्या परिसरात दरडींमुळे झालेल्या अपघातांनी हा धडा दिला. त्यानंतर पावसाळी गस्त व वेगमर्यादा यांकडे अधिक कटाक्षाने लक्ष दिले गेले. खारबांध हे निव्वळ राखणीचे काम आहे. म्हणून तेथे कर्ता हरविणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत महाग.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा : शासनाने व्यक्ती म्हणून बोलू नये, पद म्हणून बोलावे, अकर्तृक भाषा हे निःपक्षपातीपणाचे चिन्ह आहे. माक्स वेबर यांनी आधुनिक नोकरशाहीचे जे वर्णन केले त्यात व्यक्तिनिरपेक्षता हा गुण म्हणूनच येतो, आणि खोत व शिलोत्रीदार यांच्या मर्जीचा अनुभव घेतलेल्या प्रदेशाने तो गुण कमी लेखू नये. हे मान्य आहे. परंतु पद हेही कर्ता होऊ शकते. ‘कार्यकारी अभियंता ३१ मेपूर्वी पाहणी करतील’ हे वाक्य व्यक्तिनिरपेक्ष आहे आणि सकर्तृकही आहे. ‘शासन’ हा शब्द मात्र कर्त्यासारखा दिसूनही कर्ता होत नाही, कारण त्याच्या दारावर जाऊन कडी वाजविता येत नाही.

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेचा आहे. पेण तालुक्यातीलच गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. शासनमुक्त, ग्रामाधिष्ठित समाजाचा त्यांचा विचार घेऊन कोणी म्हणेल की बांध पुन्हा गावाच्याच हाती द्या, जोळ परत आणा. ह्या विचाराचे नैतिक आकर्षण मोठे आहे. तथापि ज्या घरांतील माणसे आता पनवेल-मुंबईच्या नोकऱ्यांवर जातात, त्या घरांकडून उधाणाच्या रात्री घरटी माणूस मागणे व्यवहार्य नाही. आणि ज्याचा खर्च गावास पेलत नाही तो बांध गावाच्या माथी मारणे हा स्वावलंबनाचा नव्हे, अंग काढून घेण्याचा मार्ग होईल. गावाला बांध घालण्याचे काम परत नको आहे. ‘येनार कोन?’ ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा हक्क त्याला परत हवा आहे.

ह्या हक्काच्या दिशेने महाराष्ट्रात दोन पावले पडली, हे नमूद करणे न्याय्य होईल. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सांगतो की कोणतीही नस्ती सामान्यतः कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम त्याहून पुढे जातो. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आहे, मुदत आहे, दोन अपिले आहेत, आयोग आहे आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हा कायदा उत्तम मराठी आहे : कोणी, काय, केव्हापर्यंत आणि न केल्यास काय, ही चारही पदे त्याच्या वाक्यात जागच्या जागी आहेत. परंतु त्याची मर्यादाही येथेच कळते. तो कायदा दाखला मागणाऱ्यास उपयोगी पडतो, कारण दाखल्याला एक अर्जदार असतो. बांधाचा अर्जदार सगळा गाव असतो. बांधाची राखण ही कोणा एकास द्यावयाची ‘सेवा’ नसते. शिवाय सात दिवसांचा नियम प्रत्येक टेबलास लागतो, टेबलांच्या रांगेस लागत नाही. नस्ती प्रत्येक ठिकाणी सहा दिवस थांबून नियमानुसार पावसाळा ओलांडू शकते.

म्हणून सूचना मोठी नाही, पण काटेकोर आहे. प्रत्येक खारबांधाच्या उघाडीपाशी एक फलक असावा. त्यावर बांध राखणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीचा दिनांक आणि खांड पडल्यास किती दिवसांत कोण येणार हे सकर्तृक वाक्यात लिहिलेले असावे. लहान दुरुस्तीचा खर्च त्याच अधिकाऱ्यास वर न विचारता करता यावा. कारण अधिकार नसलेला कर्ता हा केवळ नावाचा कर्ता होय. आणि पाहणीच्या नोंदीवर ग्रामसभेची साक्ष असावी. फलकाने बांध राखला जाणार नाही, हे कोणीही सांगेल. परंतु ज्या वाक्यात कर्ता आहे ते वाक्य खोटे ठरविता येते. ‘करण्यात येईल’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, कारण त्याचा भविष्यकाळ संपत नाही.

ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गावर्स यांनी सरकारी लेखकांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे छोटे पुस्तक १९४८ मध्ये, म्हणजे आपल्या खारजमिनीच्या कायद्याच्याच वर्षी, प्रसिद्ध केले. आपल्याकडे तसा प्रयत्न बहुधा शब्दसूची आणि नमुनापत्रे यांपुरता राहिला. मराठीच्या अभ्यासकांनीही ह्यात आपला वाटा ओळखला पाहिजे. आपण परिभाषेच्या समित्यांवर बसलो, पर्यायी शब्द सुचविले, परंतु शासनाच्या वाक्यांचे पृथक्करण आपण आपला विषय मानले नाही. आपल्या विभागांतून जे पदवीधर तालुक्याच्या कार्यालयांत जातात, त्यांना कर्तरी-कर्मणीचा भेद परीक्षेपुरता शिकविला जातो. त्या भेदावर कोणाचे तरी भात अवलंबून आहे, हे त्यांस सांगितले जात नाही. ते सांगणे हे आपले काम आहे. आणि ह्या वाक्याचा कर्ता आपणच आहोत.